विमलआत्याच्या हातांचं न ऐकणारं मशीन

विमलआत्या टायपिंगला बसली की पत्र्यावर गारा पडल्यासारखा आवाज यायचा. तो मी टेबलावर बोटांनी हुबेहूब काढतो, शेवटची ‘टिंग’ तेवढी तोंडानं काढावी लागते. ओळ संपत आली की टाइपरायटरची घंटी वाजायची, आत्या डाव्या हातानं कॅरेज सर्रकन ढकलून नवी ओळ घ्यायची. नजर मात्र कच्च्या कागदावर. आपण काय टाइप केलं ते बघायचंच न्हाई! “बघतो तो शिकाऊ,” असं तिचं म्हणणं. जुन्या जालन्यात सोळा वर्षं वकिलांचे अर्ज तिनं असेच काढले, न बघता, बिनचूक.

१९९५ च्या मार्चमध्ये काकासाहेब वकिलांनी औरंगाबादहून वापरलेला कॉम्प्युटर आणला आणि टाइपरायटर त्याच दिवशी विकून टाकला.

“विमलबाई,” वकील खाकरले (ते दर चार शब्दांमागे खाकरतात), “आता ह्या मशीनपुढं... अं-हं... तुम्हीच मागं पडाल.”

तीनच दिवसांनी पिंपळगाव रेणुकाईहून झुंबरबाई मशीनवरचं पहिलंच काम घेऊन आल्या. शेजाऱ्यानं त्यांच्या शेताच्या वाटेवर बोराट्या, म्हणजे बोरीच्या काटेरी फांद्या, टाकून वाट बंद केल्ती. त्याविरुद्धच्या अपिलाची मुदत त्याच दिवशी संपत होती. कोर्टाची खिडकी पाचला बंद, आणि घड्याळात साडेतीन.

“तीन पानं? पंधरा मिनिटं,” आत्या म्हणाली आणि गारा सुरू झाल्या.

ओळ अर्धी होते न होते तोच मशीन ओरडलं, ‘टीं!’ आत्यानं तिथंच नवी ओळ घेतली. परत ‘टीं!’ परत नवी ओळ.

“मार्जिन लईच बारीक लावून ठेवलंय,” ती पुटपुटली. नजर कागदावरच.

मंग प्रिंटरनं करवतीसारखं कर्र-कर्र करत पानं बाहेर टाकली. वकिलांनी चष्मा लावला आणि मोठ्यानं वाचलं, “अर्जदार झुंब. राहणार पिंप. वाटेवर बो.”

“वकीलसाहेब,” झुंबरबाई हळूच म्हणाल्या, “माझं निम्मं नाव कुठं गेलं? म्या तर पुरं सांगितल्तं.”

“विमलबाई! हे काय?”

सोळा वर्षांत पहिल्यांदा आत्यानं स्वतःच्या टायपिंगकडं बघितलं. चार वाजून गेले होते. तिनं पहिलं वाक्य पुन्हा भरभर मारलं, हात उचलले आणि पडद्याकडं बघत राहिली. अक्षरं अजून एकेक उमटतच होती.

“अगं बाई! माझे हात इथं वर हायेत, आन् हे अजून लिहून राह्यलंय!”

झुंबरबाई दोन पावलं मागं सरल्या. “अंगात आलंय काय त्याच्या?”

आत्यानं परत मारलं, ह्यावेळी मोजत. पंधराएक बटणं मशीन लक्षात ठेवत होतं. तेवढ्यात लिहून झालं न्हाई तर पुढची सरळ टाकून देत होतं, आणि टाकून देताना ओरडत होतं.

“ते ओळ संपली म्हणत न्हाई!” आत्या ओरडली. “‘बस, पोट भरलं’ म्हणतंय! आन् मी त्याला वाढूनच राह्यले!”

“मंग हळू मारा की,” वकील म्हणाले.

“हात ऐकत न्हाईत, वकीलसाहेब. कागद दिसला की पळतात.” एकदम तिनं कच्चा कागद त्यांच्या हातात कोंबला. “तुम्ही सांगा. कोर्टात बोलता तसं. बराबर खाकरत.”

“मी कधी... अं-हं... खाकरतो?”

“सुरू करा, जल्दी!”

“अर्जदार... अं-हं... झुंबरबाई... राहणार... अं-हं... पिंपळगाव...” एकेका खाकरण्यात मशीन मागचं सगळं उरकून घ्यायचं. तीन पानं झाली, एकदासुद्धा ‘टीं’ न्हाई. वकिलांचा घसा मात्र पार बसला.

पाचला सहा मिनिटं असताना ते कोट सावरत, झुंबरबाईंना घेऊन कोर्टाकडं पळाले. कारकुनानं अर्धी ओढलेली खिडकी थांबवून कागदांवर शिक्का मारला.

घामाघूम होऊन परतले तर ओट्यावर दुसरं अशील बसलेलं. वकील बसक्या आवाजात त्याला म्हणाले, “बघा, मशीनची कमाल! अर्ध्या तासात तीन पानं! हातानं झालं असतं का?”

पंधरा मिनिटांत तीन पानं काढणाऱ्या आत्यानं मशीनचा खटका खाडकन बंद केला.

झुंबरबाई आत येऊन पदरानं मशीनला वारा घालायला लागल्या. “दमलं असंल बिचारं,” म्हणाल्या.