जिभेला चैन नसलेले व्याही

जिभेला चैन नाही असा माणूस अख्ख्या कोल्हापुरात आमच्या व्याह्यांखेरीज दुसरा नाही, आणि असलाच तर त्याला माझ्या दारात आणू नका. एक बास आहे. माझी लेक त्यांच्या पोराला दिलेली, ती दोघं कॅनडात, आणि इकडं हे गृहस्थ राजारामपुरीतल्या फ्लॅटात मावत नाहीत म्हणून रोज सकाळी मंगळवार पेठेत माझ्याकडं चालत येतात. व्याही म्हणजे मुलाकडचे, मानाचे. त्यांनी बोलावल्याशिवाय येऊ नये ही आपली रीत. हे चप्पल काढायच्या आधी शब्द काढतात. "पावणं, खुळखुळा." मी विचारतो, "कुठाय?" तर खुळखुळा कुठंच नसतो. नुसता म्हणायचा असतो.

दुसऱ्याला तंबाखूचा बार लागतो तसा यांना शब्द लागतो. दाढेत धरतात, घोळवतात, पुन्हा दुसऱ्या गालात घेतात. डबडं, गचपण, चिरमुरे, झिपरं. अर्थाशी काही देणंघेणं नाही. मूळचे हातकणंगल्याचे, आणि त्या गावात जन्म झाला हेच आपलं भाग्य असं सांगतात, कारण नाव घेताना तोंडाचा कोपरान् कोपरा फिरून येतो. एकदा मलाही रेल्वेत घालून तिकडं नेलं. काम काही नव्हतं. स्टेशनावर उतरले, पाटीखाली उभं राहून गावाचं नाव तीनदा म्हणाले आणि पुढच्या गाडीनं आम्ही परत. मी चौथीतनं शाळा सोडलेला माणूस. मला शब्द म्हणजे काम सांगायला आणि शिव्या द्यायला. हे असलं मला कुठलं कळायला.

पोरगं कॅनडाला गेलं आणि यांना नवा माल मिळायला लागला. रविवारी फोन आला की बापानं तब्येत विचारावी, जेवणखाण विचारावं. हे विचारणार, "तिकडं नवीन काय म्हणत्यात?" लोकरीची टोपी म्हणजे टूक. एका डॉलरचं नाणं लूनी, दोनाचं टूनी. आमच्या घरचीनं तर दारातल्या मांजरीला लूनी केलं आणि तिच्या पिल्लाला टूनी, आणि दूध घालायच्या वेळी गल्लीत उभं राहून त्या नावानं हाका मारायला मला लावलं. दुप्पट साखर, दुप्पट मलई घातलेली कॉफी म्हणजे डबल-डबल. व्याह्यांनी चहाच्या गाड्यावर जाऊन नुसतं "डबल-डबल" म्हटलं, गाडेवाल्यानं मुकाट्यानं चार चहा मांडले. मी म्हटलं, "साखरेचा आजार तुमास्नी, आनि मागतासा काय?" म्हणाले, "प्यायचं कुठं हाय? डॉक्टरनं म्हणायला बंदी घातली न्हाय." चारही चहा मी प्यालो. आणि तिकडची माणसं बोलण्याच्या शेवटाला 'एह' लावतात हे कळलं त्या दिवशी तर यांचा पाय एका जागी ठरेना. खोलीत येरझाऱ्या घालत होते. "पावणं, ही आपलीच माणसं वो. आपण न्हाय का म्हणत, येतो की, बसतो की? त्येंचा एह म्हणजे आपला की."

मागल्या वर्षी घरची गेली. लेकीचे दिवस भरत आलेले, तिला विमानात बसता येईना. ती फोनवर रडायची, "बाबा, बोला की काहीतरी." माझ्या तोंडातनं शब्द निघत नव्हता आणि डोळ्यांतनं पाणी निघत नव्हतं. दारातनं मोरीपर्यंत, मोरीतनं दारापर्यंत, दिवसभर तेवढंच. जेवण समोर आलं की उठून उभा राहायचो. भावकी दबक्या आवाजात म्हणायची, म्हातारा आतल्या आत जाणार. मलाही तसंच वाटत होतं आणि त्याचं काही वाटत नव्हतं.

दिवसकार्याला व्याह्यांनी नवी पांढरी टोपी आणून दुखवट्यातल्या माणसाच्या डोक्यावर घालायची असते. माणसं बसलेली. व्याही उठले. नजर घरचीच्या फोटोवर. न बघता पिशवीत हात घातला, हाताला लागली ती टोपी काढली आणि माझ्या डोक्यावर नीट बसवली. पोरानं कॅनडातनं पाठवलेली, सदा पिशवीत बाळगलेली, लाल लोकरीची, वर हा एवढा गोंडा. मांडवात कुणी खोकेना. गोंडा माझ्या कानावर पडला, तेव्हा त्यांना कळलं. आणि सवय वाईट, त्यांच्या तोंडातनं हळूच निघून गेलं, "टूक."

मला हसू फुटलं. दाबायला गेलो तर पोट दुखायला लागलं. आणि त्या हसण्यातच कुठंतरी रडू सुरू झालं, ते मग थांबेना. तेरा दिवसांचं एकदम आलं. माझा मेव्हणा ताडकन उठला. "ही काय थट्टा लावलीया, पावणं? माझी भन गेलीया." व्याह्यांनी पिशवी उचलली आणि खाली मान घालून गेले.

मग महिनाभर आले नाहीत. मला घरात बसवेना. शेवटी एका दुपारी मीच राजारामपुरीत गेलो. हे खिडकीशी गप्प बसलेले.

"येत का न्हाईसा?" मी विचारलं.

"कुठल्या तोंडानं येऊ? त्या दिवसापास्नं एक शब्द तोंडाला गोड लागंना."

"मेव्हण्याचं ऱ्हाऊ द्या, त्येला मी सांगितलंय. तुमी ती टोपी घातली म्हणून मला रडू आलं. रडलो म्हणून त्या रातीला लेकीशी बोललो, चार घास खाल्लं. न्हायतर मी बी गेलोच हुतो. आता तुमीबी गप्प बसला तर माझ्या घरात बोलायचं कुणी?"

त्यांनी माझ्या डोक्याकडं बघितलं. "लई वाईट दिसत हुतं का वो, डोक्यावर?"

"लई. चप्पल घाला."

आता पुन्हा रोज येतात. नवा शब्द मिळाला असला की चेहऱ्यावर कळतं. पण तो पहिला घरचीला सांगायची त्यांची सवय, म्हणून ते आधी स्वयंपाकघराच्या दाराकडं बघतात. मग मीही बघतो. तिथं कुणी पदराला हात पुसत बाहेर येत नाही. मग दोघांनाही बसवत नाही, आम्ही उठतो आणि चालायला लागतो. गल्लीचं वळण मागं पडलं की मी म्हणतो, "हं, सांगा आता."