भाऊजींच्या दोन सऱ्या

पोस्टाच्या खिडकीत बसणाऱ्याला माणसं तारखेवरून ओळखू येतात. महिन्याचा पहिला सोमवार म्हणजे लीलाबाई, हे आमच्याकडे ठरलेलं. दीड महिन्यापूर्वी तो सोमवार आला, पण त्या आल्या नाहीत. दुपारी त्यांच्या गावची एक बाई पासबुक भरायला आली आणि म्हणाली, "लीलाबाई गेल्या की परवा. फुलं तोडून आल्या, छातीत दुखतंय म्हणल्या..." पासबुक माझ्या हातातच राहिलं. डोक्यात पहिला विचार आला तो त्यांच्या तुरुंगातल्या दिराचा. त्याला हे कोण सांगणार?

सहा वर्षांपूर्वी मनिऑर्डर परत आली म्हणून त्या माझ्याशी भांडायला आल्या, ती आमची पहिली ओळख. फॉर्मवर पत्ता नाशिकरोडच्या कारागृहाचा आणि नावाच्या जागी 'बाळूभाऊजी'! मीही काही कमी तापट नाही. म्हटलं, "बाई, तिथं काय एकच भाऊजी आहेत? कागदावरचं नाव, कैदी नंबर नको?" त्या जराही वरमल्या नाहीत. "लगीन होऊन आले तवा ह्याचे दुधाचे दात पडत व्हते. तवापासून भाऊजीच म्हणते. नंबर काय, आणते की." आणि मखमलाबादहून दोन बस बदलून, भेटीच्या रांगेत उभं राहून त्यांनी तो आणलाही.

बाजारात बसायच्या जागेवरून मारामारी झाली आणि बाळूच्या हातून एका माणसाचा जीव गेला. लीलाबाईंनी हे कधी झाकलं नाही. शिक्षा झाली त्या दिवशी त्यांच्या नवऱ्याने, नामदेवरावांनी, घरात सांगून टाकलं की तो आपल्याला मेला. लीलाबाई वाद घालत बसल्या नाहीत. शेताच्या कडेच्या झेंडूच्या दोन सऱ्यांना त्यांनी लाल चिंधी बांधली, ह्या भाऊजींच्या म्हणून. त्यांची फुलं वेगळ्या पाटीत, पैसे वेगळे, आणि ते पैसे थेट माझ्या खिडकीत. नामदेवराव पाणी भरताना तेवढ्या दोन सऱ्या सोडायचे. मागून लीलाबाई फावडं घेऊन जायच्या आणि पाणी वळवायच्या. सहा वर्षं हे असंच चाललं. एकदा मी विचारलं, एवढा हट्ट कशाला? तर म्हणाल्या, "शिक्षा कोर्टानं दिलीय, तो भोगतोय. वरून आनखी मी कशाला देऊ? सुटल्यावर त्याला घरीच यायचंय ना? घर कुठं हाय ते इसरायला नको."

मनिऑर्डरीबरोबर एक पोस्टकार्ड जायचं. त्या सांगायच्या, मी लिहायची. झेंडूचा भाव, गाय व्याली, विहिरीला पाणी किती. तिथे पत्रं उघडून वाचतात, असं मी म्हटलं, तर, "वाचू द्या की. भाव त्यांनाबी कळंल." शेवटी स्वतःचं नाव नाही, 'घरचे सगळे' असं लिहायला लावायच्या. घरात दुसरं कुणी बाळूचं नावही काढत नाही, हे मला ठाऊक होतं. तरी मी लिहायची. भेटीला फुलं नेता येत नाहीत, म्हणून त्या काचेला बोटं टेकवायच्या, झेंडूने पिवळी-काळी झालेली. पलीकडून दीर ओळखायचा, "वहिनी, फुलांचा तोडा सुरू झाला वाटतं." हे सांगताना त्या हसायच्या, आणि मग पदराने डोळे पुसायच्या...

त्या गेल्यावर मी एक कार्ड काढून ठेवलं. पण लिहू काय? मी त्याची कोण? महिनाभर ते ड्रॉवरमध्ये कोरंच पडून होतं आणि मला माझाच राग येत होता.

पुढच्या महिन्याच्या पहिल्या सोमवारी खिडकीत एक म्हातारे गृहस्थ उभे राहिले. "मी लीलाबाईचा मालक," म्हणाले. पुढे केलेल्या फॉर्मवर नाव होतं, 'बाळू'. कागदावरचं नाव आणि नंबर मला पाठ होते, मी ते घातले.

"ती कार्डबी लिहून घ्यायची म्हनं."

मी ड्रॉवर उघडला. ते कोरं कार्ड पुढे घेतलं. मागे रांग खोळंबली होती, पण मी कुणाला बोलू दिलं नाही.

"लिहा... तुझी वहिनी गेली. मंगळवारी भेटीला मी येतोय." मग थांबून म्हणाले, "दोन सऱ्यांना पाणी भरलंय, तेबी लिहा."

"खाली नाव?"

"ती काय लिहायची?"

"घरचे सगळे."

त्यांनी खिडकीची कड घट्ट धरली होती. बोटं पिवळी-काळी झाली होती.

"मग तेच लिहा," ते म्हणाले.