माफीचा कागद

धोंडुबाई रोह्याच्या एका खानावळीत भाकऱ्या थापायची. त्र्याण्णव साली आखातातून निरोप आला, तिच्या मुलाला, जनूला, फाशीची शिक्षा झाली. तिथे तो वेल्डर होता. खोलीतल्या भांडणात त्याने सोबत राहणाऱ्या मोरूच्या डोक्यात सळई घातली आणि मोरू जागीच गेला. मोरू पेणच्या रामवाडीचा.

दयेचा अर्ज दिल्लीला गेला. उत्तर आलं की सरकार रदबदली करील, पण तिथल्या कायद्याने माफ करण्याचा हक्क मयताच्या वारसाचा. वारस म्हणजे मोरूची बायको मालू.

धोंडुबाई एस.टी.ने रामवाडीला गेली. मालूने दार लावून घेतलं. ती पुन्हा गेली, जातच राहिली. शेजारणी तोंडावर खुन्याची आई म्हणत. ती ऐकून घेई आणि ओट्यावर बसून राही. माझा पोर रागीट हाय, वाईट नाय, एवढंच बंद दाराला सांगे. दीड वर्षाने मालूने दार उघडलं.

"त्याला लटकवून माझा माणूस परत येणार नाय," ती म्हणाली. "सही करते मी. पण सुटल्यावर त्यानं माझ्या दारात येऊन माफी मागायची."

"आणीन गो. मी सोता आणीन."

मालूने तहसील कचेरीत सही केली. फाशी टळली. उरलेली कैद भोगून जनू पाच वर्षांनी घरी आला. आठवडाभर धोंडुबाईने त्याला आवडीचं करून घातलं, मग रामवाडीचा विषय काढला.

"सही द्यायचीच होती तर दीड वर्ष कशाला लावलं तिनं?" जनू म्हणाला. "रोज पहाटे वाटायचं, आज नेतील. मी नाय जायचा तिच्या दारात."

ती त्याच्या पाया पडली. परक्या बाईच्या दारात बसताना तिला लाज वाटली नव्हती. पोटच्या पोराच्या पाया पडताना वाटली. तो उठून बाहेर गेला.

शेवटी ती एकटीच गेली. जनू आजारी आहे असं सांगायचं तिने एस.टी.त ठरवलं होतं, पण मालूसमोर ते तोंडातून निघेना.

"येत नाय म्हणतो," ती म्हणाली.

मालूने विचारलं, "मग तुमी तरी कशाला आलात?"

धोंडुबाई मागे वळली आणि एस.टी.च्या थांब्याकडे चालू लागली.

पुढे जनू वडखळच्या गॅरेजात लागला, लग्न केलं, पोरं झाली. आईने लेकाला फासावरून उतरवलं असं लोक कौतुकाने म्हणत. व्हय, उतरवला, एवढंच ती म्हणे. पण त्याच्या घरी राहायला ती मरेपर्यंत गेली नाही.