बापाच्या शर्टाची गोधडी

शेलूबाजारला हायवेवर सतीशचं बॅटरीचं दुकान होतं. लोक इन्व्हर्टरच्या मेलेल्या बॅटऱ्या टाकून जात आणि जिवंत करून नेत. झाकण कापायचं, सडलेल्या प्लेटा काढायच्या, शिसं वितळवून नवे जोड ओतायचे. "कंपनी म्हनते फेका, मी म्हनतो आना," असं तो हसून सांगे. त्याच्याकडे काही वाया जात नसे, याचा बायकोला, रत्नमालाला, अभिमान होता.

घरातही तीच रीत. निकिता झाली तेव्हा सासूबाईंनी, केशरबाईंनी, सतीशचे दुकानातले विरलेले शर्ट जोडून गोधडी शिवली. "बापाच्या अंगच्या कपड्यात लेकरू दचकत नाई व माय." निकिता खरंच दचकली नाही. गोधडीचा कोपरा चोखतच ती झोपायची.

दीड वर्षाची असताना ती आई म्हणायची, बाबा म्हणायची, बकरीला बें म्हणायची. मग तिच्या तोंडून बें गेलं, पाठोपाठ बाबा गेला, शेवटी आईही.

"सतीशबी उशिरानंच बोलला," केशरबाई म्हणाल्या. पण उशिरा येणं वेगळं आणि आलेलं निघून जाणं वेगळं.

अकोल्याच्या डॉक्टरांनी रक्त तपासायला पाठवलं. रक्तात शिसं निघालं. घरात कोण काय काम करतं, असं त्यांनी विचारलं. सतीश खुशीत सांगू लागला आणि त्यांच्या चेहऱ्याकडे पाहून मध्येच थांबला. रत्नमाला बी.एस्सी. झालेली. शिसं काय करतं हे तिनं परीक्षेत लिहिलं होतं. सतीशचे दुकानातले शर्ट आणि लेकीचे लंगोट मात्र ती एकाच बादलीत भिजवत आली होती.

गोधडी दूर नेऊन टाकली, तेव्हा केशरबाईंनी विचारलं, "म्हंजे मीच पोट्टीले जहर पांघरलं?"

"दुकान बंद करा," रत्नमाला म्हणाली.

"मंग दुसरं काय येते मले?"

त्यानं कपडे दुकानातच बदलायला सुरुवात केली. तरी गाडीचा आवाज आला की निकिता धावत सुटायची, आणि तो दोन्ही हात पाठीमागे घेऊन मागे सरायचा. "थांब बाई, आंघोळ करू दे. मले शिवू नको."

"हा शब्द माह्या घरात काढू नको, सतीश!" केशरबाई ओरडल्या. लहानपणी विहिरीवर त्यांनी तो फार ऐकला होता.

"मंग काय म्हनू, आई?"

दुसऱ्या तपासणीत रक्तातलं शिसं कमी निघालं. "मग बोलेल ना ती?" रत्नमालानं विचारलं. "गेलेलं परत येईलच, असं नाही," डॉक्टर म्हणाले.

आता गाडी वाजली तरी निकिता उठत नाही. काल सतीश न्हाऊन, धुतलेला सदरा घालून तिच्यासमोर बसला आणि हात पसरून म्हणाला, "ये."

तिनं त्याच्याकडे नीट पाहिलं, दोन्ही हात पाठीमागे घेतले आणि मागे सरली.