पुन्हा मागवणारे ग्राहक

अमरावतीच्या आमच्या इन्क्युबेटरमध्ये, म्हणजे नवा धंदा काढणाऱ्यांना टेबल, वायफाय आणि सल्ला पुरवणाऱ्या केंद्रात, पहिल्याच आठवड्यात पुण्याहून आलेल्या सरांनी सांगितलं, "आधी आपलं नेटवर्क वापरा." बरोबरच्या मुलांनी लगेच कॉलेजचे मित्र, मोठ्या कंपन्यांतले सीनियर वगैरे फोनमधून बाहेर काढले. माझ्या फोनमध्ये आत्या, मावश्या, जावा, नणंदा आणि आईची भिशी. मला तेव्हाच ओशाळल्यासारखं झालं होतं. पण माझं अ‍ॅप उन्हाळी वाळवणाचं. भातकुलीकडच्या बायकांनी घातलेल्या कुरडया, पापड, शेवया शहरातल्यांनी घरबसल्या मागवायच्या. त्याला सीनियर काय कामाचे? मी सगळ्या आत्या-मावश्यांना अ‍ॅप घ्यायला लावलं.

आणि ऑर्डरी आल्या. आलेख असा चढला की सर मला उभं करून बाकीच्यांना दाखवायचे. इन्क्युबेटरमधल्या आम्ही चार-पाच जणींनी एकीचं अ‍ॅप दुसरीने घ्यायचं असं ठरवलं, त्याने तो आणखी चढला. शेजारच्या टेबलावरची मैत्रीण, मूळची अकोल्याची, शिकवण्या लावून देणारं अ‍ॅप बनवत होती. आम्ही डबा वाटून खायचो, एकमेकींना पाच तारे द्यायचो. मला वाटायचं, बायकांचं नेटवर्क म्हणतात ते हेच. अंगावर मूठभर मांस चढलं होतं.

शेवटच्या सादरीकरणाच्या आदल्या दिवशी अकोल्याला आत्याकडे बारसं होतं. त्या सादरीकरणावर माझं पुढच्या वर्षीचं टेबल ठरणार होतं. टेबल गेलं की घरचे म्हणणार, झाली ना हौस, आता नोकरी बघ. मी त्याच विचारात होते. पाहुण्यांसाठी सतरंजी काढायला आत्याने मला दिवाण उघडायला सांगितला. सतरंजीखाली माझ्या कुरडया होत्या. माझ्या अ‍ॅपचं लेबल लावलेली पाकिटं, एकावर एक, एकही न फोडलेलं.

"आत्या, हे काय?"

"तुया कुरोड्या हायेत." घरी आम्ही कुरडईला कुरोडीच म्हणतो.

"खाल्ल्या काहून नाई?"

"घरी डबाभर करून ठेवल्या असताना इकतच्या कोन खाईन वं? तुयं मन मोडू नाई म्हून मागवल्या. तुया मावशीकडे बी पडून हायेत." मग तिला माझी दया आली असावी. "पाह्यजे तं घेऊन जाय वापस. पुन्हा इकजो."

माझे कान तापले. सतरंजी घेऊन मी बाहेर गेले. त्या बारशात ज्या ज्या बाईने हसून "कसं चाल्लं तुयं?" विचारलं, तिच्या घरचा दिवाण माझ्या डोळ्यांसमोर येत होता. राग आत्यावर यायला हवा होता, आला स्वतःवर. गहू भिजत घालून, चीक शिजवून दर उन्हाळ्यात गच्चीभर कुरोड्या घालणाऱ्या बायकांना मी कुरोड्या विकत होते. आणि त्या बिचाऱ्या घेत होत्या.

परतीच्या बसमध्ये लॅपटॉप उघडून मी आलेखातून सगळे नातेवाईक काढून टाकले. खाली एक बारीक रेघ उरली. त्यात काही अनोळखी लोक आणि इन्क्युबेटरमधल्या बाकीच्या जणी होत्या, एकदा मागवून परत न फिरकलेले. आणि पुन्हा पुन्हा मागवणारी एकच, माझी मैत्रीण. ती नात्यातली नव्हती, तिच्या घरी वाळवण होत नव्हतं. म्हणजे तिने कुरडई आवडली म्हणूनच मागवली. परीक्षकांना असाच ग्राहक लागतो. उद्या हिलाच दाखवायचं, मी ठरवलं.

तिच्याबद्दल मन इतकं भरून आलं की मी तिचं अ‍ॅप उघडलं. पहिल्यांदाच. पाच तारे देऊन मात्र कितीतरी महिने झाले होते. मोबाइल नंबर टाकला, ओटीपीची वाट पाहिली. बडनेरा आलं तरी ओटीपी आला नाही.

सकाळी सभागृहाबाहेर तिला गाठलं. "तुया अ‍ॅपचा ओटीपी येत नाई वं."

"कवापासून?"

"मले मालूम नाई. मी कालच उघडलं."

तिचा चेहरा उतरला. मग ती म्हणाली, "मंग मी बी सांगून टाकू? तुयी कुरोडी मी पहिल्याच खेपेले तळली होती. कुबट वास येते तिले. घरात कोनी तोंडात नाई घेतली."

"मंग पुन्हा काहून मागवली?"

"तुले वाईट वाटन म्हून."

वास कुठून येतो हे मला तिथल्या तिथे कळलं. 'दोन दिवसांत घरपोच' हा शब्द माझ्या अ‍ॅपने दिला होता, आणि तो पाळायला मी अर्धवट वाळलेल्या कुरडया पाकिटांत बंद करायला लावत होते. अनोळखी लोक परत का फिरकले नाहीत, तेही कळलं. इतक्या बायकांच्या मायेने इतके महिने ही गोष्ट माझ्या कानावर येऊ दिली नव्हती. आणि मी हिच्याशी तसंच वागले होते, तेही मायेने नाही, आळसाने. मला मान वर करवेना. तेवढ्यात आतून माझं नाव पुकारलं.

पडद्यावर ती बारीक रेघ आली. पहिल्या रांगेतले सर गोंधळून नेहमीचा चढता आलेख शोधत होते. एका परीक्षकांनी विचारलं, "पुन्हा किती जणांनी मागवलं?"

मैत्रीण मागे दारातच उभी होती, तिचा फोन हातात धरून.

"एकीने," मी म्हणाले. "आणि तिला आवडली नव्हती."