ऑस्टिन टार्पी गेला कुठं?

अट्रॅक्टा गॉगनचं डोकं तिच्या आजोबांनी उठवलं होतं. तेही कधी न पाहिलेल्या आजोबांनी. ऑस्टिन टार्पी १९३६ साली मेयो परगण्यातलं घर सोडून इंग्लंडला मजुरीला गेला, पोचल्याचं एक पत्र टाकलं, आणि मग जो गडप झाला तो कायमचा. गावानं निकाल देऊन टाकला की तिकडं दुसरी बाई ठेवली असणार. त्याची बायको सबायना ते ऐकत ऐकत म्हातारी झाली आणि मेली. घरात त्याचं नाव काढायची सोय नव्हती.

तेव्हा पाच वर्षांची असलेली त्यांची मुलगी डीलिया, म्हणजे अट्रॅक्टाची आई, आता ब्याण्णवला टेकली होती. अट्रॅक्टा शाळेची बस चालवून निवृत्त झाली, त्याच आठवड्यात म्हातारीनं फर्मान सोडलं होतं.

"आता तुला काय काम आहे? माझ्या बापाला शोध. त्यानं आम्हाला टाकलं का, एवढं मरायच्या आधी कळू दे मला."

झालं! तेव्हापासून सहा वर्षं अट्रॅक्टाच्या नशिबी चर्चच्या बाप्तिस्म्याच्या वह्या, जहाजांच्या याद्या आणि इंग्लंडातले मृत्यूचे दाखले. मेयोत टार्पी पायलीचे पन्नास, आणि दर घरात एक ऑस्टिन! एक बॉस्टनला पोलिसात निघाला, एकानं लिव्हरपूलला दारूचं दुकान काढलेलं. एखादा हाताशी आला म्हणावं तर त्याची आई भलतीच निघायची. ऑस्ट्रेलियातल्या एका टार्पीबाईंना तिनं चार पानी पत्र लिहिलं, तर बाईंनी उत्तरादाखल स्वतःच्या मेंढ्यांचे फोटो पाठवले.

एक ऑस्टिन मात्र दोनदा समोर आला होता. यॉर्कशरच्या डोंगरात धरणाच्या कामावर दरड कोसळून मेलेला, मेयोचा. पण दाखल्यावर वय अडतीस, आणि बाप्तिस्म्याच्या नोंदीप्रमाणे आजोबा तेव्हा बेचाळीसचे. अट्रॅक्टानं दोन्ही वेळा त्याच्यावर फुली मारली. जिची बस उभ्या जन्मात मिनिटभर उशिरा सुटली नाही, ती चार वर्षांची चूक खपवून घेणार होय!

यंदाचा नोव्हेंबर लागला. घरातल्या मेलेल्यांची नावं लिहून पाकीट वेदीवर ठेवायचं, म्हणजे फादर महिनाभर त्यांच्यासाठी प्रार्थना करतात. डीलिया हे काम दरवर्षी स्वतः करायची, कुणाला बघूही द्यायची नाही. यंदा हात फारच थरथरायला लागला, तेव्हा कुठं पेन लेकीकडं आलं.

"लिही, सबायना. आधी माझी मॅमी. तुझे डॅडी नंतर. जिवंतपणी पुढंपुढं केलं तेवढं पुरे. आणि मग ऑस्टिन."

अट्रॅक्टानं पेन खाली ठेवलं. "मॅमी! मी सहा वर्षं त्याच्या मागं फिरतेय, आणि तू त्याला परस्पर मारूनही टाकलंस?"

"तो नव्हे गं! त्याच्या आधीचा. माझ्या बापाचा थोरला भाऊ. तीन वर्षांचा झाला आणि घटसर्पानं गेला बिचारा. मग माझा बाप झाला, त्याला तेच नाव ठेवलं."

"आणि हे मला तू आत्ता सांगतेस?"

"तू विचारलंस कधी? आणि त्यात नवल ते काय? गेलेल्याचं नाव पाठच्याला ठेवतातच की आपल्याकडं. तुझ्या सासऱ्यांच्या घरी नव्हते का दोन मायकेल?"

होते ना! अट्रॅक्टानं कपाळावर हात मारून घेतला. एका मेलेल्या पोराचं वय उराशी धरून ती जिवंत माणसाला शोधत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळीच तिनं कॅसलबारच्या ग्रंथालयाकडं गाडी हाणली, जुन्या वह्या तिथंच होत्या. बाप्तिस्म्याच्या त्याच वहीत, थोडी पानं पुढं, दुसरा ऑस्टिन होता. तेच आईबाप, चार वर्षांनी धाकटा, म्हणजे दरड कोसळली तेव्हा बरोब्बर अडतीसचा. पहिला सापडल्याच्या आनंदात तिनं वही तिथंच मिटली होती. "गाढव!" ती स्वतःलाच एवढ्या मोठ्यानं म्हणाली, की शेजारी बसलेल्या अमेरिकन पाहुण्यानं घाबरून तिची माफी मागितली.

घरी आली तेव्हा डीलिया ब्रेडला लोणी लावत होती. अट्रॅक्टा कोट न काढताच समोर बसली.

"मॅमी, त्यानं तुम्हाला टाकलं नव्हतं. धरणाच्या कामावर दरड कोसळली आणि तो गेला. जाऊन तीन आठवडेसुद्धा झाले नव्हते. घर कुठलं, कुणाला ठाऊक नव्हतं. नुसतं मेयो म्हणून लिहिलंय. तिथंच पुरलंय त्याला."

आता ही रडणार, असं अट्रॅक्टाला वाटलं. म्हातारी भडकली.

"तीन आठवडे? अरे बावळट माणसा! खिशात घरचा पत्ता ठेवायला काय धाड भरली होती तुला? मॅमी आम्हाला दटावायची, बापाचं नाव घ्याल तर उपाशी ठेवीन. मी शाळेत त्याच्यावरून मार खाल्ला, मार दिला! जन्मभर शिव्या घातल्या मी त्याला, आणि हा आपला तिथं मातीखाली..."

सुरी हातातून निसटली. अट्रॅक्टा उठून तिच्याजवळ गेली, तशी डीलियानं तिची बाही घट्ट धरली.

"पोरी," ती म्हणाली, "माझ्या मॅमीला आता कोण सांगणार गं?"