आईच्या अंगात वीज आली तेव्हा

माझ्या आईच्या अंगात वीज आली ती एका जानेवारीत, आणि ती घालवण्याचं पाप माझ्या हातून घडलं.

मी तेव्हा बडोद्याच्या एका कॉलेजात फिजिक्स शिकवत होतो. शिकवत होतो म्हणजे फळ्याशी बोलत होतो; मागच्या बाकांवरची मंडळी कॉम्प्युटर क्लासच्या जाहिराती वाचत असत. बाजार नुकताच खुला झालेला, आणि मांजलपूरच्या आमच्या सोसायटीत ज्याला त्याला काहीतरी परदेशी हवं होतं. तशात डॉक्टरांनी आईच्या रक्तातली साखर बघून कपाळाला आठ्या घातल्या. रोज अर्धा तास चालायचं, नाहीतर मार्चपासून रोज इंजेक्शन! आईला सुईची इतकी धास्ती की घरातली तुटलेली बटणंसुद्धा शुभदाकडे, म्हणजे माझ्या बायकोकडे जात. (शुभदा ती माझ्याकडे पाठवी, पण तो वेगळा विषय आहे.)

रस्त्यावर चालायचं तर समोरून स्कूटरी, आणि स्कूटरी चुकवाव्यात तर मधोमध गायी. आईने एका फेरीत राजीनामा दिला. मग मी सुभानपुऱ्यातल्या एका दुकानातून ट्रेडमिल आणली. वीज खाऊन माणसाला आहे तिथंच चालवणारं हे यंत्र विकत घेणारा माणूस किती हुशार असतो, हे दुकानदाराच्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलेलं होतं. मी वाचलं नाही.

पहिल्या दिवशी आई पाच मिनिटं चालली, दमली, आणि तिने दांडीला हात लावला. चट्! आई ओरडली, "मेल्याने चावा घेतला मला!" मी टेस्टर आणून मशीन तपासलं, दिवा लागला नाही, आणि मग मला वर्ग घेण्याचा झटका आला. हा घरातला करंट नव्हेच, मी सांगितलं, ही स्थिर विद्युत. थंडीतली कोरडी हवा, तुझी नायलॉनची साडी, पायात रबरी सपाता, खाली सरकणारा पट्टा. घासून घासून अंगात भार साठतो आणि लोखंडाला हात लागला की एकदम निघून जातो. तू सुरुवातीपासून दांडी धरून चाल, म्हणजे तो साठणारच नाही.

"मला चावलं," आई म्हणाली.

माझ्या विद्यार्थ्यांपेक्षा तिचं बरं होतं. निदान प्रयोग झाला एवढं तिला कळलं होतं.

माझा फुकटचा सल्ला धुडकावून आईने स्वतःचा उपाय काढला. चावणाऱ्या दांडीला हात म्हणून लावायचा नाही. छातीशी हात जोडून गोगलगायीच्या वेगाने चालायचं, आणि थांबायचं झालं की शुभदाला हाक मारायची. शुभदा येऊन बटण दाबी.

उत्तरायणाच्या, म्हणजे आपल्या संक्रांतीच्या, दुसऱ्या दिवशी समोरच्या हंसाबेन चिक्की घेऊन आल्या. हंसाबेन म्हणजे आमच्या सोसायटीची आकाशवाणी. मशीन नुकतंच थांबलं होतं. आई वर उभी, हात जोडलेले, डोळे मिटलेले. (दमली होती, दुसरं काही नाही.) "बा, पगे लागुं," म्हणत हंसाबेन वाकल्या, सपातेतून डोकावणाऱ्या अंगठ्याला त्यांचं बोट लागलं, आणि दांडीसाठी जमलेला सगळा साठा हंसाबेनना मिळाला.

"बामां तो करंट छे!" बोट चोळत त्या म्हणाल्या.

संध्याकाळपर्यंत करंटची शक्ती झाली. दुसऱ्या दिवशी हंसाबेनचा चार वर्षं दुखणारा गुडघा दुखायचा थांबला. तिसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता आमच्या दारात सात बायका, आणि प्रत्येकीची एकेक व्याधी. बाईंच्या अंगात आलंय, असं सगळ्यांचं एकमत. आमच्या घराण्यात आजवर कुणाच्या अंगात काही आलं असेल तर तो ताप!

आईने मात्र खुलासा करण्याचं नाव काढलं नाही. शिवाय भाविकांच्या लक्षात आलं की पाच मिनिटांच्या चालण्यापेक्षा वीस मिनिटांच्या चालण्यानंतरचा आशीर्वाद जास्त झणझणीत असतो. मग काय, आई पंचवीस मिनिटांवर गेली, मग पस्तीस. साखर उतरली. डॉक्टरांनी माझं अभिनंदन केलं आणि मी निर्लज्जपणे ते स्वीकारलं.

एवढ्यावर गप्प बसलो असतो तर मी शहाणा ठरलो असतो. पण कॉलेजच्या स्टाफरूममध्ये एका सहकाऱ्याने दर्शनाची वेळ विचारली आणि माझं डोकं फिरलं. दुसऱ्या दिवशी सातही बायकांना हॉलमध्ये बसवून मी प्रयोग दाखवला. कंगवा केसांवर घासला, कागदाचे कपटे उचलून दाखवले, तेच आईच्या बाबतीत घडतंय म्हणून सांगितलं. बायकांनी अगदी शांतपणे ऐकून घेतलं.

"एटले शक्ति तो छे ज ने, सर?" हंसाबेन म्हणाल्या. "कंगवामां थोडी, बामां वधारे."

आता मात्र मी हट्टाला पेटलो. आईच्या सगळ्या नायलॉनच्या साड्या ट्रंकेत टाकून सुती बाहेर काढल्या. खोलीत ओल्या चादरी वाळत घातल्या, म्हणजे हवा कोरडी राहायला नको. आईच्या मनगटात तांब्याचं कडं घातलं आणि त्याला तार बांधून ती मशीनच्या सांगाड्याला जोडली. बायकांनी कड्यालाही नमस्कार केला. पण ठिणगी उडाली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. "गयुं," म्हणून हंसाबेननी सुस्कारा सोडला, आणि आठवड्याभरात आमच्या दारात सकाळी फक्त दुधाच्या पिशव्या उरल्या.

विज्ञानाचा विजय झाला, आणि आई मशीनवरून उतरली ती परत चढेना.

"आई, आता चावणार नाही ते," मी म्हटलं.

"चावत होतं तेव्हा कुणी येत तरी होतं."

ती ते रागाने म्हणाली नाही, म्हणून मला जास्त लागलं. निजामपुऱ्यातलं भरलं शेजार सोडून ती आमच्याकडे मांजलपूरला आली त्याला दोन वर्षं झाली होती. त्या दोन वर्षांत सकाळी तिच्याशी बोलायला कोण होतं, हे मी कधी विचारलं नव्हतं. मी तिला ट्रेडमिल आणून दिली होती.

फेब्रुवारी अर्धा सरला. साखर वर चढली. डॉक्टरांनी इंजेक्शनचं नाव चिठ्ठीवर लिहून मला पंधरा दिवसांची मुदत दिली, आणि घरी आल्यावर शुभदाने मला पंधरा मिनिटांची दिली. "अहो, आईंचं जे काही बंद केलंत ते मुकाट्याने परत सुरू करा."

मी तार सोडली, कडं काढलं, चादरी उचलल्या, ट्रंकेतून साड्या काढल्या आणि वर एक नवी, कडकडीत नायलॉनची आणली. जन्मभर स्थिर विद्युत शिकवली, पण एवढ्या मनापासून ती कधी तयार केली नव्हती! आई कुरकुरत चढली. बायकांना बोलावणं पाठवलं. त्या आल्या, पण दारातच थबकल्या. हंसाबेनची अट होती: ज्या सरांनी शक्ती घालवली, त्यांनीच आधी पगे लागायचं.

सात बायकांच्या देखत मी वाकलो. नवी साडी, पस्तीस मिनिटं, कोरडी हवा. हिशेब माझाच होता. ठिणगी बोटातून कोपरापर्यंत गेली आणि माझ्या तोंडून निघालं, "आई गं!"

"जोयुं?" हंसाबेन बाकीच्यांना म्हणाल्या. "सर पण मा बोल्या."

इंजेक्शन टळलं. तेव्हापासून रोज सकाळी सात वाजता, आजची वीज नीट तयार झाली आहे की नाही हे पाहण्यासाठी, फिजिक्सचा प्राध्यापक सगळ्यांत आधी अंगठ्याला हात लावी, कळवळे, आणि आई वरून म्हणे, "झालं ना? सरक मग. मागे बायका खोळंबल्यात."